बेरजेत न धरलेलं

झुंगू म्हणाला, चाळीसपासून सुरू कर.
पंक्चरच्या दुकानात टायरवर बसून,
एकोणीस वेळा डर्बन गाठून आलेला गुडघा
ग्रीसच्या हातांनी चोळत.
दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढव,
पीठ मळताना पाणी घालतात तसं.
आणि चौथ्या आठवड्यात मागे ये,
मनात नसलं तरी.

फ्रीजवर कॅलेंडर आहे, खाटकानं दिलेलं.
जानेवारीच्या पानावर गाईचे भाग पाडून दाखवलेत.
त्याखाली लुंगिले निळ्या खडूनं लिहिते:
चाळीस. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. छत्तीस.
"आई, घसरलीस," ती म्हणाली,
तिचे मार्क कमी आले की मी म्हणते तशी.

पहाटे साडेतीन. वीज गेलेली.
एडेनडेलच्या रस्त्यावर आम्ही सात जण.
सहांच्या कपाळावर दिवे, सातवा उजेडाच्या मागे मागे.
सपाटीवर बोलणं चालतं:
कुणाचा हप्ता थकलाय, कुणाचा जावई परत आलाय.
चढ लागला की सगळे गप्प,
फक्त श्वास, आणि खिशातल्या पिशवीत
मीठ लावलेल्या बटाट्यांची चुरचुर.
हडीडा पक्षी किंचाळत उठतात,
जशी आम्हीच त्यांची झोप चोरली.

त्रेपन्न. अठ्ठावन्न. चौसष्ट.
पाय आता माझे राहिले नाहीत,
भाडेकरू झालेत; रात्री दोनला भांडण काढतात.
भूक तर अशी, की लुंगिलेच्या डब्यात उरलेला
शिळा पाव मी उभ्या उभ्या खाते,
आणि मग डब्याच्या कडा.

झुंगूला मी एकदाच विचारलं.
हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत माझी एक ढकलगाडी आहे,
ओल्या चादरींनी भरलेली, एक चाक वाकडं.
तळघर ते चौथा वॉर्ड, चौथा वॉर्ड ते तळघर,
पाळीला अकरा किलोमीटर होतात.
ते धरायचे का?
"नाही," तो म्हणाला. "ते काम. हे धावणं."

बरं.
मग बावीस वर्षं चालले ते काम.
दुष्काळात टँकरमागे गेले ते,
टॅक्सीवाल्यांच्या संपात, लुंगिले पोटात असताना,
घरी आले ते,
आईच्या शेवटच्या महिन्यात
रोज संध्याकाळी टेकडी चढले ते.
कुणी खडू घेऊन उभं नव्हतं.

एप्रिलच्या पानावर मेंढी आहे.
पंच्याऐंशी. मग मला हाव सुटली.
रविवारी रात्री हिशेब शहाण्णववर अडला,
म्हणून अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली
चार किलोमीटर गोल गोल फिरले.
कुत्रा आधी बरोबर आला,
नंतर बसून बघत राहिला.
शंभर.

मंगळवारी नडगीत सुई शिरली.
झुंगूनं अंगठ्यानं दाबून पाहिलं.
मी तोंडातून शब्द काढला नाही,
पण त्याला ऐकू आलं.
"शून्य लिही. दहा दिवस."

लुंगिले लिहीना. खडू मीच घेतला.
इतका छोटा गोल, आणि हात थांबतच नाही,
तोच तोच गिरवत राहिला
कागद फाटेपर्यंत.

लॉन्ड्रीत मात्र शून्य मिळत नाही.
पाचव्या दिवशी, उतरंडीवरून गाडी वर घेताना
माझ्या लक्षात आलं:
मी अंग पुढे झुकवते,
पावलं आखूड टाकते,
वळणापर्यंत वर बघत नाही.
हे मला झुंगूनं शिकवलेलं नव्हतं.
झुंगूनं नुसतं पाहिलं होतं, फेब्रुवारीत, पहिल्या चढावर,
आणि विचारलं होतं, "कुठं शिकलीस?"
मी म्हटलं होतं, "कुठंच नाही."

दहा दिवसांनी पुन्हा चाळीस.
जूनला सहा आठवडे. पुरतील, न पुरतील.

त्या रात्री मेंढीच्या खुरांपाशी
पेन्सिलनं बारीक लिहिलं: अकरा.
दुसऱ्या दिवशीही अकरा.
बेरजेत नाही. बाजूला.
लुंगिलेनं विचारलं, हे कशाचं?
म्हटलं, चादरींचं.